मोळीची वाट

हरिश्चंद्रगड सोपा की अवघड? पाचनईकडून गेलेला सांगेल, घरातल्या लहान मुलांनाही घेऊन जा. खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढलेल्याला खिंडीच्या वरचा कातळटप्पा आठवेल आणि तो तिथल्या लोखंडी रेलिंगबद्दल बोलेल. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, मोठमोठ्या धोंड्यांमधून कोकणकड्याच्या कुशीने वर आलेल्याला विचारलं, तर तो आधी तुमच्याकडे नीट बघेल आणि विचारेल, याआधी कुठे कुठे गेला आहात? मला या तिघांत तिसरा माणूस जास्त भरवशाचा वाटतो. गडाबद्दल काही सांगण्याआधी त्याने समोरच्या माणसाची चौकशी केली.

किल्ल्यांच्या माहितीत मात्र चढाईची श्रेणी एका शब्दात उरकलेली असते. सोपी, मध्यम, कठीण. वर्षानुवर्षं तो शब्द वाचून मी पान उलटत आले. मध्यमपर्यंत आपल्याला झेपतं, कठीण असेल तर सोबत माहीतगार हवा, इतकं ठाऊक असलं की पुरे व्हायचं. मग पोटाचं ऑपरेशन झालं. बिछान्यात पडल्या पडल्या तीच पुस्तकं पुन्हा उघडली, आणि त्या एका शब्दाचा मला काडीचाही उपयोग होईना.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गर्भाशयात गाठी होत्या, त्या वाढत गेल्या, दर महिन्याचा रक्तस्राव आवरेना, शेवटी पोट उघडून गर्भाशय काढावं लागलं. आपल्या ओळखीत, नात्यात अशा कितीतरी बायका असतात. माझं सगळं नीट पार पडलं. घरी सोडताना सर्जनबाईंनी बजावलं, निदान सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, पिठाचा डबा उचलायचा नाही, लहान मूल आलं तर बसून मांडीवर घ्यायचं. चालायचं मात्र रोज. किल्ल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या दिवशी मीही विचारलं नाही. भेटायला येणाऱ्या बायकांनी मात्र तो विषय काढला. काही म्हणाल्या, "आता डोंगरबिंगर बंद हं." काही म्हणाल्या, "काही होत नाही गं, माझी जाऊ लगेच वैष्णोदेवीला जाऊन आली." दोन्ही बोलण्यांत माया होती. पण कुठला डोंगर, कुठल्या वाटेने, कुठल्या महिन्यात, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे बायकांचं डोंगरावर जाणं एवढ्यावरच कायमचं थांबतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्या दिवसांत मी नकाशे वाचले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषा दर वीस मीटरवर काढलेल्या असतात. रेषा दाटीने आल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाटी. रात्री झोप लागेना की मी त्या तपकिरी रेषांवरून बोट फिरवत वेल्ह्याच्या डोंगरांतून हिंडायची. राजगडाच्या तिन्ही माच्या कागदावरही ओळखू येतात. पण जितकं बारकाईने पाहिलं तितकं एक गोष्ट खुपायला लागली. मला आता ज्याची धास्ती होती ते या नकाशात कुठे दिसतच नव्हतं.

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते थरावर थर साचले. टणक थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे पदर झाले. त्यामुळे आपल्या डोंगरांत चढ एकसारखा मिळत नाही. तासभर पदरातून, कारवीतून, गुरांच्या वाटेने रमत जावं आणि अचानक वीस-तीस फुटांचा कातळ समोर उभा राहावा, असा त्यांचा स्वभाव. वीस-तीस फूट म्हणजे सहा ते नऊ मीटर. दोन समोच्चरेषांच्या मधल्या फटीत तो कातळ सहज मावतो आणि नकाशातून नाहीसा होतो. गडाची उंची, अंतर, लागणारा वेळ, सगळं बरोबर छापलेलं असतं. मी अडणार होते ती जागा मात्र त्यात नसते.

वेळेचं गणितही पाहिलं. डोंगरात किती वेळ लागेल याचा जगभर वापरला जाणारा ठोकताळा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडला. दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. दोन हजार फूट म्हणजे आतकरवाडीपासून सिंहगडाची साधारण चढाई. नियम देखणा आहे, सुटसुटीत आहे. पण तो बांधला गेला धडधाकट पुरुषांच्या चालीवरून, आणि त्यात उताराला जागाच नाही. उतार फुकट मिळतो असं धरलेलं आहे. पुढे एरिक लँगम्युअर यांनी त्यात दुरुस्ती केली. सौम्य उतार असेल तर दर तीनशे मीटरला दहा मिनिटं कमी धरा, उतार बारा अंशांहून खडा असेल तर दहा मिनिटं वाढवा. खड्या उताराला वेळ लागतो ही साधी गोष्ट हिशेबात यायला इतका काळ जावा लागला. आपल्याकडच्या ट्रेकच्या वर्णनांत ती अजूनही फारशी आलेली नाही. चढावर चार परिच्छेद असतात आणि शेवटी एवढंच, की आल्या वाटेने खाली उतरलो.

दुसऱ्या बाजूला माझं शरीर होतं. त्याचाही नकाशा नव्याने काढावा लागणार होता. ऑपरेशनच्या आधीची काही वर्षं प्रत्येक चढावर मला धाप लागायची. मी ते वयावर ढकललं होतं. प्रत्यक्षात रक्त कमी होतं. बाईचं हिमोग्लोबिन निदान बारा हवं, माझं आठच्या आसपास घुटमळत होतं. गाठी गेल्या, रक्तस्राव थांबला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू रक्त भरून आलं. जिना चढून आल्यावर छाती शांत असते हे जाणवलं, त्या दुपारी मला किती आनंद झाला होता! म्हणजे छातीपुरता डोंगर पूर्वीपेक्षा सोपा झाला होता. अवघड झाला होता तो पोटाला. कापलेली जागा भरून येते, पण ताण सोसण्याची तिची ताकद सावकाश वाढते. तीन महिन्यांनी ती मूळच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते आणि त्यानंतरही पूर्ववत होत नाही. बाहेरून व्रण कोरडा आणि फिकट दिसायला लागला म्हणून आतलं काम संपलेलं नसतं.

डोंगरात पोटाला किती काम असतं हे मला आधी कधी कळलंच नव्हतं. गुडघा कमरेपर्यंत उचलून उंच पायरीवर पाय ठेवायचा, तर ओटीपोट आवळतं. रेलिंगला धरून अंग वर ओढायचं, तर हातांच्या बरोबरीने पोट ओढतं. पाय सटकला की तोल सावरायला सगळ्यात आधी पोटच धावतं. पाठीवर तीन लिटर पाणी घेतलं तर ते तीन किलो झालं, आणि सॅक उचलून खांद्यावर चढवण्याच्या त्या एका हिसक्यात वजनाचा सगळा भार पोटावर येतो. सपाटीवर मैलोन्मैल चालायला मी केव्हाच तयार होते. नको होती ती एक उंच पायरी, एक हिसका, एक घसरण.

तपासणीला गेले तेव्हा सर्जनबाईंना विचारलं, "ट्रेकला कधी जाऊ?" त्यांनी विचारलं, "म्हणजे काय काय करावं लागतं?" प्रश्न अगदी रास्त होता. त्यांना शरीर आतून बाहेरून ठाऊक होतं, गड ठाऊक नव्हता. मी फोनमधले जुने फोटो उघडले. राजगडाच्या पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्या त्यांनी पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे चालेल. वजन दुसऱ्याकडे द्या. दमलात की बसा." पुढचा फोटो चोर दरवाज्याखालच्या कातळाचा होता, रेलिंगला धरून एक मुलगी अंग वर ओढते आहे असा. त्यांनी मान हलवली. "हे नाही. अजून बरेच महिने नाही." बालेकिल्ल्याच्या खड्या चढाचा फोटो दाखवला, तोही नाही. गड एकच, आणि पाच मिनिटांत त्यांनी त्याचे दोन भाग करून दिले. त्यानंतर मी कधी जाऊ हे विचारणं सोडून दिलं. कुठून जाऊ, हे विचारू लागले.

सुरुवात टेकड्यांनी केली. वेताळ टेकडी, मग पर्वती. पर्वतीच्या पायऱ्या आखूड आणि रुंद आहेत, कठड्यावर बसता येतं, आणि सकाळी तिथे आपल्याहून म्हातारी माणसं आपल्याहून भराभर चढत असतात, त्याने धीर येतो. नंतर सिंहगड. आतकरवाडीची वाट दमवते. कुठल्याही मोजमापाने तो चढ लहान नाही. पण तिथे वाटभर ताकवाल्या आणि सरबतवाल्या बसलेल्या असतात, म्हणून पाण्याचं ओझं नको. माणसांची सतत ये-जा असते. आणि वर डांबरी रस्ता पोचतो. नाहीच जमलं तर जीपमध्ये बसून खाली यायचं. याच्याशेजारी कळसूबाई ठेवून पाहा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, हजारो लोक जातात, वाट मळलेली, चुकायची भीती नाही. पण वर लोखंडी शिड्या आहेत, म्हणजे हात आणि पोट दोन्ही लागणार. आणि शिडीच्या वर काही झालं तर त्याच शिडीने खाली यावं लागणार. वर्णनांत हे दोन्ही चढ कधी कधी एकाच श्रेणीत सापडतात. माझ्यासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. त्यातला फरक चढाचा कमी आणि माघारी फिरण्याच्या सोयीचा जास्त होता.

हिवाळ्यात राजगडाला गेलो. महिना मी मुद्दाम निवडला होता. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं. दिवाळीच्या सुमारास वाळू लागलेलं गवत पायाखाली सरकतं. चैत्रात मुरूम सुटतो आणि ऊन पाणी मागतं. जानेवारीत वाट कोरडी आणि घट्ट असते. सोबत आतेबहीण होती. तिचंही ऑपरेशन झालेलं, पण गुडघ्याचं. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीमागचा कंडरा घेऊन बसवलेला. तिला तिच्या डॉक्टरांनी बऱ्याच महिन्यांनी मोकळं केलं होतं. तिचा मुलगा आमचं पाणी आणि डबे घेऊन पुढे चालत होता.

पाली गावात एक मावशी अंगणात सरपण रचत होत्या. वाट विचारायची म्हणून थांबलो. किती वेळ लागेल हे मी विचारलं नाही. गावातल्या माणसाचा अर्धा तास त्याच्या पायांचा असतो, तो खोटा नसतो, पण तो आपला नसतो. मी विचारलं, "मावशी, या वाटेने तुम्ही मोळी घेऊन उतरता का?"

त्यांनी काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "येतो की. डोईवर मोळी आन् काखंत पोर घेऊन बी आलोय. दरवाज्यापासनं खालपातुर हात लावाय लागत नाय."

"आणि चोर दरवाज्याने?"

"तिथनं नाय. तिथं हात अडकत्यात. मोळी कोण धरल मंग?"

इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकाने दिलं नव्हतं. डोक्यावर मोळी असलेल्या बाईचा एक हात मोळीला असतो, मान ताठ असते, पायाखालचं तिला नीट दिसतही नाही. ती ज्या वाटेने उतरते त्या वाटेवर उंच उडी नसते, कातळाला बिलगणं नसतं, तोल जाईल अशी अरुंद जागा नसते. ज्या वाटेने मोळी येत नाही तिथे नक्की काहीतरी आहे. तेव्हापासून मी कुठल्याही गडाच्या पायथ्याशी आधी हाच प्रश्न विचारते. मग दुसरा, मध्येच परत फिरायचं झालं तर शेवटची जागा कुठली? या दोन्ही प्रश्नांना गावातल्या बायका विचार करून, हाताने दिशा दाखवत, अगदी जबाबदारीने उत्तर देतात.

पालीची वाट लांब आहे, पण शहाण्या माणसांनी बांधलेली आहे. पंचवीसहून अधिक वर्षं इथे स्वराज्याची राजधानी होती. इथून माणसं रोज येत-जात असणार, ओझी चढत असणार, पालख्या चढत असणार. त्या पायऱ्यांच्या रुंदीत ते सगळं दिसतं. सावकाश चढलो. छाती साथ देत होती. दरवाज्याच्या कमानीखाली गार सावलीत बसले तेव्हा पोटावर हात ठेवून पाहिला, कुठे ओढ नव्हती. वर पद्मावती माचीवर आलो. तळं, देऊळ, समोर तोरणा. इतक्या महिन्यांनी तो वारा अंगावर घेतला आणि मला रडू आलं. आतेबहिणीने काही विचारलं नाही.

बालेकिल्ल्याच्या कातळाखाली मी थांबले. हे आधीच ठरलेलं होतं, तरी वाईट वाटलंच. ती आणि तिचा मुलगा वर गेले. चढताना तिचा गुडघा एकदाही कुरकुरला नाही, आणि त्या खड्या कातळावरून उतरताना ती कातळाकडे तोंड करून, हातांवर भार देत अलगद खाली आली. मला जे अशक्य होतं ते तिला सहज जमलं.

मग पालीच्या पायऱ्या उतरायला लागलो आणि सगळं उलटं झालं. माझ्या पोटाला उताराचं फार काही वाटेना. मी काठी टेकत, पाय घट्ट रोवत येत होते. तिची मात्र दर पायरीला परीक्षा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराला थोपवून धरतो, आणि ऑपरेशननंतर तो सावकाश सुधारतो. बर्लिनच्या संशोधकांनी बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांमध्ये संवेदक ठेवून मोजमाप केलं होतं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट. मला झेपलेल्या त्या सुंदर, रुंद, राजमार्गाच्या पायऱ्याच तिच्या वैरी झाल्या. ती तिरकी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरली. वळणावळणावर मी तिच्यासाठी थांबले. खाली पोचायला चढण्याहून जास्त वेळ लागला आणि आम्ही तो मुद्दाम हाताशी ठेवला होता, म्हणून अंधार पडायच्या आत गावात आलो.

चहा घेताना ती म्हणाली, "अगं, पुढच्या वेळी मी सिंहगड चढते आणि जीपने खाली येते." मी म्हटलं, "ताई, मी येईन तुझ्याबरोबर, पण उतरेन पायी." दोघींनाही ते अगदी सरळ, व्यवहाराचं बोलणं वाटलं.

किल्ल्यांवर लिहिणाऱ्यांना आणि माणसांना डोंगरात घेऊन जाणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. श्रेणी खुशाल द्या, पण तिच्याखाली चार ओळी जास्त लिहा. हात कुठे लावावे लागतात आणि तो टप्पा किती फुटांचा आहे. उतार पायऱ्यांचा आहे, मुरमाचा की मातीचा, आणि त्याला वेगळा वेळ किती लागतो. वाटेत पाणी मिळतं का, की सगळं पाठीवर न्यायचं. परत फिरायची शेवटची सोयीची जागा कुठली आणि तिथून गाडीरस्ता किती लांब. एकदा जाऊन आलेल्या कुणालाही हे लिहिता येईल. त्या चार ओळींच्या आधाराने कितीतरी माणसं, विशेषतः बायका, पुन्हा बाहेर पडतील.

आणि जी ऑपरेशन होऊन घरी पडून आहे, खिडकीतून डोंगर बघते आहे, तिला एवढंच सांगायचं आहे. डॉक्टरांना ट्रेकला जाऊ का, असं विचारू नकोस. वाटेचे फोटो घेऊन जा, आणि सगळ्यात अवघड जागेचा फोटो आधी दाखव.